पाचव्या ओळीतला नावाडी

"या पोस्टमास्तर!" पोस्टमन दारात दिसताच फ्रेमवाल्याने त्याला परस्पर बढती देऊन टाकली. "काय, काच फुटली की वहिनींनी फोडली?"

"काच शाबूत आहे, शेठ." पोस्टमनने बगलेतली फ्रेम काउंटरवर ठेवली. तान्हं बाळ ठेवावं तशी, उताणी. "थोडी माहिती हवी होती."

फ्रेमच्या आत कागद होता: 'तुमच्या नावाचे थोर लोक'. वाढदिवसाला, निवृत्तीला भेट द्यायला हा कागद धडाक्यात खपायचा. गिऱ्हाइकाने नाव सांगायचं, फ्रेमवाल्याने जाडजूड पुस्तकं चाळून त्या नावाची इतिहासातली सात माणसं शोधायची आणि झोकदार अक्षरात छापून द्यायची. सात म्हणजे सातच. ओळी कमी पडल्या की कागदाला टक्कल पडल्यासारखं दिसतं, असं त्याचं मत. पोस्टमनचं नाव जरा आडवळणाचं. त्या नावाचा एक राजवैद्य सापडला, एक गणिती, एक मल्ल, एक शिल्पकार. तिथे इतिहासाने हात वर केले. उरलेले तिघे मग फ्रेमवाल्याने चहा पिता पिता स्वतःच जन्माला घातले.

पोस्टमनने नेमकं पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. 'पुरात तीनदा उडी घेऊन अकरा जणांना काठावर आणणारा नावाडी.'

"याचं गाव कोणतं? आणि साल?"

पलीकडे काच कापत असलेल्या फ्रेमवाल्याच्या बायकोचा हात थांबला. हा नावाडी तिच्या चांगलाच ओळखीचा होता. "नावांच्या यादीत एक तरी नावाडी नको का?" असं म्हणून नवऱ्याने तो रचला, तेव्हा हसून हसून तिला ठसका लागला होता. रचताना त्याने डोळ्यांसमोर ठेवला होता तिचा भाऊ, आणि तिचा भाऊ म्हणजे आंघोळीच्या बादलीलाही वळसा घालून जाणारा गडी.

"गाव कशाला हवंय?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"उद्या माझा सत्कार आहे. मोठ्या सभागृहात."

"सत्कार? कुणाचं पत्र वेळेवर पोचवलंत की काय?"

पोस्टमनही मनापासून हसला. "तुम्ही ऐकलं नाही का? मागच्या आठवड्यात कालव्यात रिक्षा पडली. आत मायलेकी होत्या. मी काढल्या बाहेर."

"तुम्हाला पोहता येतं?"

"कुठलं हो! घोटाभर पाण्याला घाबरतो मी. सायकल टाकली आणि काठावर नुसता उभा राहिलो. सगळेच उभे होते म्हणा. आणि एकदम मला हा आठवला." त्याने काचेवर टिचकी मारली. "म्हटलं, अरे गाढवा, याचं नाव लावतोस आणि बघत काय बसलास? उतरलो. गळ्यापर्यंत पाणी. रिक्षाचं छत फाडलं, आधी पोर ओढली, मग आई. पण खरं सांगू? भीती अशी वाटलीच नाही. तो पुढे चाललाय आणि मी आपला त्याच्या मागे मागे, असंच वाटत होतं."

फ्रेमवाल्याने काउंटरवरची मोजपट्टी उगाचच सरळ केली.

"उद्या हेच सांगणार. श्रेय माझं नाही म्हणून सांगणार. फक्त गाव आणि साल पक्कं पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, पोस्टमन थापा मारतोय."

फ्रेमवाल्याच्या जिभेवर गाव लगेच आलं. नदीसकट आलं. सालही आलं, पुराच्या महिन्यासकट. थाप त्याला कधी शोधावी लागत नसे, तीच त्याचा पत्ता शोधत यायची. त्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर बायकोकडे गेली. तिने हातातली काच कापायची हिरकणी खाली ठेवून दिली होती. ती हसत नव्हती.

"अहो," ती म्हणाली. बस, एवढंच.

फ्रेमवाल्याचे कान तापले. "तो नाही," तो म्हणाला.

"कोण नाही?"

"नावाडी. नव्हताच कधी. मी आपला गंमत म्हणून... ओळ रिकामी राहत होती हो."

"काय शेठ, तुम्ही पण!" पोस्टमनने हसून त्याच्या दंडावर चापट मारली. "एकदा तरी सरळ बोला. गाव सांगा."

उभ्या आयुष्यात फ्रेमवाल्याच्या थापा लोकांनी डोळे झाकून घेतल्या होत्या, आणि आज खरं बोलला तर ते कोणी घेईना. कुठे बघावं ते त्याला कळेना. बायकोकडे बघवेना, पोस्टमनकडे तर नाहीच. काउंटरवरच्या मोजपट्टीकडे बघत तो म्हणाला, "आईशप्पथ. शेवटचे तिघेही मीच बनवले. पहिले चार मात्र अस्सल आहेत."

ते शेवटचं वाक्य त्याचं त्यालाच ऐकवेना. सडका माल गळ्यात मारून वर 'बाकीचा चांगला आहे' म्हणावं, तसं वाटलं.

पोस्टमनचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. ते आवरायचं त्याला सुचलंच नाही.

"म्हणजे माझ्यापुढे कोणीच नव्हतं?"

फ्रेमवाल्याने नकारार्थी मान हलवली. "शिव्या द्या मला. दोन ठेवून द्या, पण असं बघू नका."

पोस्टमनने शिवी दिली नाही. तो हळूच स्टुलावर टेकला. दोन्ही हातांनी त्याने काउंटरची कड इतकी गच्च धरली की बोटांची टोकं पांढरी पडली, आणि कोरड्या फरशीवरचे पाय त्याने पाण्यातून काढावेत तसे वर उचलून घेतले.