पांढरं कापड

असा दिवस वर्षातून एखादाच उजाडतो. घारी पंखही न हलवता वर चढत होत्या आणि त्यांच्यामागोमाग घिरट्या घेत रघुनाथचं ग्लायडर चढत होतं. पाच तास हवेत काढले की क्लबचा बिल्ला मिळणार होता. तिसरा तास संपता संपता खाली मैदानात पांढरं कापड पसरलेलं दिसलं. त्याचा अर्थ एकच, ताबडतोब उतरा. ‘उडायला ताटकळला असेल कोणीतरी. थांबेल थोडा,’ असं मनाशी म्हणत त्याने मान फिरवली.

तो उतरला तेव्हा पाच तास भरले होते, पण टाळ्या वाजवायला कोणी पुढे आलं नाही. वडील अत्यवस्थ असल्याचा रोह्याहून ट्रंककॉल आला होता.

घाट उतरून तो घरी पोचला, तेव्हा वडिलांच्या तोंडावर पांढरी चादर ओढलेली होती.

“तासाभरापूर्वीपर्यंत दाराकडे डोळे लावून होते रे. रघू कुठवर आला, म्हणून सारखे विचारत होते,” आई म्हणाली. रघुनाथने त्या चादरीवर डोकं टेकलं. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत तीच त्याला समजावू लागली, “तुझा काय दोष? तू तिकडे आभाळात. खालचं तुला दिसणार तरी कसं?”