पाचवा प्रश्न

फोन, घड्याळ आणि पर्समधली पत्त्यांची वही अधिकाऱ्यांनी ट्रेमध्ये काढून घेतली. मग दाराला बाहेरून कुलूप लागलं.

"आज सोमवार. शेवटचा पेपर संपला की शनिवारी उघडेल," ते जाळीपलीकडून म्हणाले. "तोवर घर विसरा."

बाईंना नेमकं तेच जमत नव्हतं.

"साहेब, एक निरोप तेवढा पोचवता येईल? माझी भाची गुरुवारी संध्याकाळी गाव सोडून जातेय. त्याआधी दोनच शब्द."

"दोन शब्द बाहेर गेले की पेपरही जातो, बाई."

ते निघून गेले. टेबलापलीकडे मास्तर लाल पेन्सिलीला टोक करत होते. प्रश्नपत्रिका काढता काढता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

इंग्रजीचे दोन संच काढायचे होते, एक मास्तरांनी आणि एक बाईंनी. मग एकमेकांचे तपासायचे, आणि खालच्या मजल्यावर छपाई. नियम भिंतीवर चिकटवलेले होते. त्यातला एक जाड अक्षरात होता: एकही वाक्य दोन्ही संचांत आढळल्यास दोन्ही रद्द.

आत येताना फॉर्मवर विचारलं होतं, मुलगा किंवा मुलगी परीक्षेस बसली आहे काय? बाईंनी 'नाही' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. भाचीचा रकानाच नव्हता.

भाचीचा इंग्रजी हा एकच विषय राहिला होता. गुरुवारी पेपर द्यायचा आणि तिथूनच संध्याकाळच्या गाडीने वडिलांकडे जायचं, कायमचं. पंधरा वर्षांनी त्यांना लेक आठवली होती. काल रात्री बॅग भरताना ती म्हणाली होती, "तू मला त्यांच्यापासून तोडलंस, मावशी."

बाई तिच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या होत्या. तिच्या बापाच्या हातची पत्रं त्यांनी हिरव्या डब्यात ठेवली होती. 'पोरगी तिकडेच राहू द्या, इथे तिला जागा नाही.' आई गेलेल्या पोरीला बापानेही झिडकारलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा वर्षं गेली. आणि आज सकाळी बाईंना इथे आणायला परीक्षा मंडळाची गाडी दारात येऊन उभी राहिली.

बाईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि पाचवा प्रश्न लिहायला घेतला. खालील दहा वाक्यांत योग्य जागी अपॉस्ट्रॉफी द्या.

भाची नेमकी इथेच अडायची. माणसं कितीही असोत, ते वर लोंबणारं चिन्ह ती 'एस'च्या आधीच टांगायची.

"अगं, बहिणी दोन आहेत. आधी टांगलंस तर एकच उरते," बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समजावायच्या.

"उरलीच आहे की एक!" ती म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

पहिली आठ वाक्यं त्या टेबलावरचीच होती. मांजरींच्या मिशा. शेजाऱ्यांचं करकरणारं दार. मुलींच्या भिजलेल्या चपला. भाचीने ती इतक्यांदा गिरवली होती की पाहताक्षणी ओळखणार. नववं नवीन होतं: बहिणींचा हिरवा डबा माळ्यावर गाद्यांमागे आहे. आणि दहावं: आईवडिलांची पत्रं त्या डब्यात आहेत.

मंगळवारी संचांची अदलाबदल झाली. मास्तर पाचव्या प्रश्नापाशी बराच वेळ थांबले.

"हा डबा खरा आहे?"

"वाक्य आहे नुसतं."

"आणि बहिणी?"

"एक उरलीय."

मास्तरांनी लाल पेन्सिल उचलली आणि दहाही वाक्यांवर एकच तिरपी रेघ मारली. "पेपरात घर फार आलंय. त्यात मांजरी! सगळं काढा. एकही वाक्य मागे राहता कामा नये."

"एखादं तरी..."

"एकही नाही. आणि तो कच्चा कागद इकडे द्या. जाळायचा असतो."

तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा. बाईंनी शेतकरी, डॉक्टर, खेळाडू अशी कोरडी माणसं गोळा करून नवी दहा वाक्यं लिहिली. मास्तर तक्रार करणार, या धास्तीने त्यांना जेवण गेलं नाही. मास्तर मात्र दुपारभर पाठमोरे बसून आपला संच नव्याने उतरवत होते.

बुधवारी लिफाफे सीलबंद झाले. मास्तरांचा संच मुख्य, बाईंचा राखीव.

"राखीव म्हणजे स्टेपनी हो, बाई," जेवणाचा डबा सरकवत पहारेकरी म्हणाला. "टायर फुटला तरच."

गुरुवारी टायर फुटला नाही. पेपर सुरू झाल्याची घंटा झाली, सुटल्याची झाली. बाई जाळीशी उभ्या राहून बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिल्या. मागे मास्तर निवांत चहा पीत होते. त्या घोटांच्या आवाजाचासुद्धा बाईंना राग आला, आणि मग राग आल्याबद्दल त्यांनी मनातच देवाची क्षमा मागितली.

शनिवारी कुलूप निघालं. मास्तरांचा निरोप न घेताच बाई चालू लागल्या. घराचा जिना त्या एकेक पायरी मोजत चढल्या.

दाराबाहेर भाचीच्या चपला होत्या.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर हिरवा डबा उघडा. डोळे सुजलेले.

"मावशी, इतकी वर्षं एकटीनेच गिळलंस हे सगळं? पाचवा प्रश्न वाचला आणि मला पुढचं काही दिसेना."

"अगं, पण तो पेपर माझा नव्हता."

भाचीने घडी घातलेली प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. बाईंनी चष्मा लावला. शेजाऱ्यांचं दार होतं, भिजलेल्या चपला होत्या, डबा होता, पत्रं होती. मांजरी तेवढ्या गेल्या होत्या. त्यांची जागा भरायला शेवटी एक वाक्य होतं, जे बाईंनी कधीच लिहिलं नव्हतं:

शिक्षकांच्या खोलीचं दार शनिवारी उघडतं.