पणजोबांचा बांध

समुद्रातल्या बांधावर आज नीन्केच्या वीजकेंद्राचं उद्घाटन होतं, पण तिचे पाके, म्हणजे आजोबा, कॉफी सोडून उठेनात.

"खारं आणि गोडं पाणी वेगळं करायला माझ्या बाबांनी पाच वर्षं त्या बांधावर चिखल उपसला. आणि त्यांचीच पणती आता दोन्ही एकत्र करून वीज काढणार. छान पांग फेडलेस."

"पाके, त्यांनी वेगळं केलं नसतं, तर मी मिसळलं काय असतं? सगळीकडे मचूळ पाणी. त्यातून एक दिवासुद्धा लागला नसता."

आजोबांनी उरलेलं बिस्कीट कॉफीत बुडवून सावकाश खाल्लं. मग खुंटीवरचा कोट काढला.

 

"चल, बाबांची वीज बघून येऊ."