बक्षिसाचा पंप

शिरवण्याच्या मुक्ताबाईच्या आमराईत औषधाचा थेंब पडत नसे. मोहर आला की ती झाडांखाली कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करी, आणि कैऱ्या धरल्या की घरची सगळी मिळून पन्हं करीत. वाशीच्या नव्या इमारतींतल्या बायका आपल्या मुलांसाठी ते मुद्दाम तिच्याकडून नेत.

चौऱ्याऐंशी साली वाशीला फळांचं प्रदर्शन भरलं. पाहुण्या साहेबांनी दोन पेले पन्हं रिचवलं, त्याला पहिला नंबर दिला आणि बिनविषारी फळांवर अर्धा तास तोंडाची वाफ दवडली. मग मुक्ताबाईच्या हातात बक्षीस ठेवलं: औषध फवारायचा पितळी पंप. देणगी एका औषधवाल्याची होती, आणि मांडवातल्या एकाही शहाण्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"ह्यो गोठ्यात टाका," घरी आल्या आल्या मुक्ताबाई म्हणाली.

"पयल्या नंबराचा हाय. लपवाला काय चोरीचा हाय?" नवरा सिताराम फुगून म्हणाला. त्याने पंपाला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि ओटीवर, पन्ह्याच्या बाटल्यांच्या बरोब्बर वर टांगला. आता या नंदीबैलाला कोण सांगणार, म्हणून तिने बाटल्या पुसायला घेतल्या.

रविवारी वाशीच्या कारखानीसबाई आल्या. त्यांनी नेहमीसारखी बाटली उचलली, पंपाकडे पाहिलं आणि बाटली हळूच जागेवर ठेवली.

 

"तरीच," त्या म्हणाल्या, "तुमच्या कैऱ्यांवर कधी एक डाग नसतो."