कालचं कालवण

एकोणीसशे एकाहत्तर साल. पाळी जवळ आली, की कुमुदच्या अंगभर पित्ताच्या गांधी उठत. आमसुलाचं पाणी चोळून ती थकायची. सासूबाई म्हणायच्या, "कामाच्या वेळेलाच बरं उठतं गो तुझं पित्त."

पोटुशी राहिली आणि पित्त गेलं. बाळंतपणानंतर पाळी परतली, तसं तेही परतलं.

घरातलं शिळं सुनेनंच संपवायचं, ही रीत. एका दुपारी सासूबाईंनी कालच्या बांगड्याच्या कालवणाचं टोप तिच्यापुढून ओढलं. "पोटुशी होतीस, तेव्हा ताजं जेवायचीस, पित्त उठत नव्हतं. आण, हे मी खाते."

सासूबाई जाईपर्यंत शिळं त्यांच्याच ताटात पडलं. कुमुदचं उरलंसुरलं पित्त पुढे पाळी कायमची गेली, तसं थांबलं. आता नातीच्या अंगावरही तशाच गांधी उठत. परवा कुमुद तिला घेऊन गेली, तेव्हा डॉक्टर नातीला म्हणाल्या, "शिळ्या मासळीत हिस्टामिन वाढतं. तुमच्या आतड्यांना ते झेपत नाही, पाळीआधी तर नाहीच."

घरी येऊन कुमुदनं थकल्या हातानं नातीपुढचं कालचं कालवण स्वतःच्या ताटात ओतलं.