वरच्या खोलीचं छत

"या, या, आत या. चपला राहू द्या पायात," म्हणत बाईंनी दार सताड उघडलं. त्या माणसानं तरी बूट काढलेच. बाईंना बरं वाटलं. आजवर घर बघायला आलेल्या पाचही पार्ट्या चिखलासकट वरपर्यंत चढल्या होत्या आणि नाकं मुरडत उतरल्या होत्या.

दलालानं काल बजावलं होतं, "डॉक्टरांना घर हवंय, त्यांचा माणूस येईल अकराला. तोंड भरून कौतुक करा, बाई. गुडघ्यांचं गाऱ्हाणं नको." शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खं गाव त्यांना बाईच म्हणे. आणि बाईंना आता हे गावही नको होतं आणि हे सासरचं घरही नको होतं. नवरा गेल्यापासून एकटीनं किती खोल्या झाडायच्या? धाकट्या बहिणीच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होता, लिफ्टसकट, आणि त्याच्या मालकानं रविवारपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं. आज शुक्रवार. दोन ट्रंका भरून दाराशी लावलेल्या. त्यातला टॉवेल सकाळपासून तीनदा काढून परत घातला होता.

मग काय, बाई सुटल्याच. "हा दरवाजा बघा. दीडशे वर्षं झाली, बिजागऱ्या त्याच. या रंगीत काचा बोटीनं आल्यात. आणि जिन्याला एक खिळा सापडला ना, तर घर फुकट न्या." तो माणूस हं हं करत टेप ओढी, वहीत लिहून घेई. इतकं मन लावून बघणारं गिऱ्हाईक बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. उद्या सही, परवा ट्रंका गाडीत, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

जिन्यात असतानाच फोन वाजला. दलाल होता.

"बाई, डॉक्टर स्वतःच येताहेत, बारापर्यंत. आणि ऐका, जुन्या इमारतींच्या खात्यातून कुणी टपकलं तर सांगा, सगळं बदललंय, जुनं काही राहिलं नाही. एकदा त्यांच्या यादीत नाव लागलं की एक वीट हलवता येत नाही. डॉक्टरांना तर सगळं पाडून दवाखाना बांधायचाय. काढता पाय घेतील ते."

बाईंनी फोन बंद केला. "तुम्ही डॉक्टरांकडचे ना?"

"नाही हो. जुन्या इमारतींच्या खात्यातला. दारातच सांगणार होतो, तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

बाईंची पायरी चुकली. पण वर्गात सदतीस वर्षं काढलेली बाई ती, सावरल्या.

"मग मघाशी बोलले त्यातलं निम्मं सोडून द्या. दरवाजा भंगारवाल्याकडचा आहे."

"आणि काचा?"

"त्या आत्ता आत्ता घातल्या. टेम्पोनं आल्या."

"जिना?"

"खिळेच खिळे आहेत. दिसत नाहीत, इतकंच."

खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर कोपऱ्यात उभं केलं होतं त्यांनी. आता स्वतःचे कान गरम झाले. तो माणूस हसला नाही. "वरची खोली तेवढी बघतो आणि निघतो," म्हणाला.

वरच्या खोलीत जाऊन त्यानं मान वर केली आणि चक्क जमिनीवर उताणा झाला. छतभर आभाळ रंगवलेलं होतं, आणि आभाळभर पाखरं. बाई खिडकीपाशी जाऊन रस्ता बघून आल्या, परत गेल्या, परत आल्या.

"हे इतकं स्वच्छ कसं?" त्यानं विचारलं. "अशी छतं धुरानं काळी झालेली असतात. मी पाहिली ती सगळी काळीच."

"शिळ्या पावानं," बाई म्हणाल्या. "आतला गर घ्यायचा, हलक्या हातानं घासायचा, काळा झाला की टाकायचा. पाणी लावलं की रंग गेलाच समजा. टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. दर सुट्टीत एक कोपरा."

"कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगतंय! सासूबाई म्हणायच्या, पाव नासवते. आणि यांनी तर कधी मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

तो उठून बसला. "बाई, दाराशी ट्रंका पाहिल्या मी. खालच्या वस्तू पुष्कळ घरांत सापडतात, तेवढ्यावर काही घर यादीत जात नाही. हे छत असलं तर मात्र जाणारच." त्यानं वहीत एक ओळ लिहिली आणि वही त्यांच्यापुढं धरली. "हे चालेल? आमचे साहेब काही जिना चढून बघायला येत नाहीत."

वरच्या खोलीचं छत धुरानं पूर्ण काळवंडलेलं, चित्र ओळखू येत नाही, असं लिहिलं होतं.

खाली गाडी थांबली. दार वाजलं. बाई लगबगीनं दोन पायऱ्या उतरल्या आणि तशाच परत वर आल्या. ओळ पुन्हा वाचली. नुसतं हो म्हणायचं होतं. बहीण वाट बघत होती, हो म्हटलं की सुटका. त्यांनी छताकडं पाहिलं.

"काळवंडलेलं?" त्या म्हणाल्या. "कुठं? बोट ठेवून दाखवा बरं मला."

"अहो बाई, तुमच्यासाठीच तर लिहिलं..."

"डोळ्यांसमोर आहे आणि असं लिहिता?" त्यांचा आवाज चढला. "एकोणतीस वर्षं घासलंय मी ते. माझे हात लागलेत त्याला."

दार पुन्हा वाजलं, आता जोरात. तो माणूस उठू लागला.

"वाजू दे," बाई म्हणाल्या. "आधी ती ओळ खोडा. आणि खाली नीट अक्षरात लिहा, छत स्वच्छ आहे."