काट्याचं अवधाण

"दाखव की काटा डाक्टरांना," गोरक्ष आईला म्हणाला.

बायडाबाईनं उजवा हात पुढं केला. तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, बाभळीचा काटा मोडून बसला होता. भोवतीनं लाल झालं होतं. जामखेडच्या त्या दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आजारी पडायला सवड कुणाला होती!

"ह्या काट्यापायी काखेत अवधाण आलंय बघा," गोरक्ष भराभरा बोलत सुटला. "हाताला लागलं की काखेत गाठ येतीच. आमच्या कामावर निम्म्या बायांना हाय."

खोटं नव्हतं ते. हातोडी बोटावर बसली, दगडाची कपची घुसली, की काख सुजायची. चुना-गूळ लावायचा. जखम भरली की अवधाण आपोआप बसायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण गोरक्षला आणखी एक गोष्ट ठाऊक होती.

दिवाळीच्या सुमाराला त्याची बायको मालन दबक्या आवाजात म्हणाली होती, "आत्याबाईंच्या थानात गाठ हाय. न्हाऊ घालताना माझ्या हाताला लागली. दवाखान्यात न्या त्यास्नी."

झालं! गोरक्षच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या आईच्या अंगावर तो चांगला धावायला लागेपर्यंत प्याला, तिचं हे दुखणं परक्या पुरुषापुढं कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढच्या बाजारी नेऊ, म्हणाला. तो बाजार आला नि गेला. संक्रांत गेली, शिमगा गेला. मालननं विषय काढला की हा तिच्यावरच खेकसायचा. आईशी तर तो चकार शब्द बोलला नाही. आईही काही बोलली नाही.

आणि आज सकाळी तिनं चुलीपुढून हाक मारली. "गोरक्षा, हातात काटा मोडला रं. काखेत अवधाण बी आलंय."

काय सांगावं, गोरक्षला हायसं वाटलं! आईच्या हातात काटा मोडला आणि पोराला हायसं वाटलं. आता काखेचं सांगता येणार होतं, काट्याचं सांगता येणार होतं. डॉक्टर काय ते आपले आपण ओळखतील. असा विचार करताना त्याची त्यालाच लाज वाटली. तरी त्यानं आईला लगोलग यष्टीत बसवलं.

डॉक्टरांनी काखेत दाबून पाहिलं. "दुखतं का, मावशी?"

"न्हाई."

डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. या वेळी बराच वेळ. मग ते गोरक्षकडे वळले.

"काटा आजचा आहे. गाठ जुनी आहे. काट्याचं अवधाण ठणकतं, हात लावू देत नाही. ही दगडासारखी टणक आहे आणि दुखत नाही." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "काखेतल्या गाठी म्हणजे नाक्यावरचे शिपाई. आपल्या अंगात रक्तासारखंच एक पाणी फिरतं, ते या नाक्यावरून पुढं जातं. त्यात घाण आली की शिपाई तिला अडवतात, झुंजतात, म्हणून गाठ सुजते. पण इथं नुसतं हातातलं पाणी येत नाही, छातीतलंही येतं. तिथं कॅन्सर असला तर तो आधी या नाक्यावर येऊन बसतो. मग शिपायांनाच गिळतो आणि पुढं निघतो. अजून पुढं गेला नसेल तर पुण्याला ऑपरेशन होईल, मावशी वाचतील. म्हणून विचारतो. मावशी, छातीत कुठं गाठ आहे?"

बायडाबाईनं पदर अंगाभोवती घट्ट ओढला आणि खाली पाहिलं.

"तुम्हाला काही माहीत आहे?" डॉक्टरांनी गोरक्षला विचारलं.

बोल, गोरक्ष मनातल्या मनात स्वतःला म्हणाला. अरे, बोल आता! त्यानं तोंड उघडलं.

"न्हाई जी. हाताचंच हाय त्ये."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. "बरं. तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर लिंबाखाली बसल्यावर गोरक्षला स्वतःची शिसारी आली. तोंडावर विचारलं, आणि आपण खोटं बोललो. आता डॉक्टर काटा काढतील, मलम देतील, आणि आई घरी येईल. मरायला येईल. दिवसभर घण मारणारा गडी आपण, आणि एक शब्द आपल्याच्यानं उचलेना! त्याला रडू फुटलं. पालथ्या हातानं डोळे पुसत तो उठला. काय व्हायचं ते होवो. आत जायचं आणि सांगून टाकायचं, थानात गाठ हाय, मला दिवाळीपासनं ठावं हाय. तो ते शब्द पुटपुटतच दारापर्यंत गेला. पडद्याला हात घातला, तोच आतून आईचा आवाज आला. रोज चुलीपुढं बोलायची तसाच, सावकाश.

"हाय गाठ, सायेब. दिवाळीच्या बी आधीपासनं हाय. पोराला ठावं हाय त्ये. सून त्याला सांगत हुती तवा म्या ऐकलं. त्याच्यावर रागावू नगा, त्याला लई लाज वाटती. ह्यो काटा बी म्याच टोचून घेतला. म्हनलं, पोराला तुमच्याम्होरं काई तरी बोलता यावं."